कळकलेल्या सोलकढीची तपेली

मी एक जुनी पितळेची तपेली आहे. मित्रांनो, रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला एक कौलारू घर आहे. समुद्राचा खारा वारा तिथल्या स्वयंपाकघरात न विचारता शिरतो. त्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, अगदी मधोमध, माझी जागा आहे. ही मानाची जागा मला सहज मिळालेली नाही. एकदा तर मी मोडीत जाता जाता वाचले. कशी वाचले, तेच आज सांगते.

माझा जन्म आगीतला. तांबं आणि जस्त एकत्र वितळवून पितळ झालं, त्याचा पत्रा झाला. मग एका तांबटाने तो पत्रा ठोकून ठोकून मला गोल पोट दिलं. माझ्या अंगावरून बोटं फिरवलीत तर त्या हातोडीचे ठसे अजून लागतील. एवढा मार खाल्ला खरा, पण पत्रा होते तेव्हा मी पितळ होते आणि तपेली झाले तेव्हाही पितळच राहिले. बदलला तो नुसता आकार. अशा बदलाला काय म्हणतात, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

मी या घरात आले ती आप्पांच्या लग्नातला आहेर म्हणून. तेव्हापासून घरातली प्रत्येक पंगत माझ्या पोटातून वाढली गेली. श्रावणात वालाची उसळ, मे महिन्यात आटवलेला आंब्याचा रस, आणि सोलकढी तर नेहमीचीच. दरवर्षी आंब्याला मोहोर आला की केरू कल्हईवाला भाता घेऊन दारात बसायचा आणि मला आतून चांदीसारखं पांढरं करून द्यायचा. बाहेरून सोनं, आतून चांदी! तेव्हाचा माझा तोरा काय सांगू!

मग स्टीलची भांडी आली. घासायला सोपी, उचलायला हलकी, कल्हईची कटकट नाही. आप्पांची सून मालिनी पोस्टात नोकरी करायची. सकाळची तिची घाई मी बघत होते, म्हणून तिला मी कधी दोष दिला नाही. पण मी माळ्यावर गेले. केरूनेही घरोघर फिरणं सोडलं आणि बाजारात एका कोपऱ्यावर भट्टी मांडली. खाऱ्या हवेने माझं अंग काळवंडलं. पोटातली कल्हई तर त्याआधीच झिजत आली होती.

एकोणीसशे नव्याण्णव साली आप्पांची पंच्याहत्तरी आली. आळीभर आमंत्रणं गेली. मालिनीची मुलगी स्वानंदी तेव्हा आठवीत होती. तिने हट्ट धरला, "सोलकढी मी करणार!" मोठी स्टीलची पातेली भाताने आणि आमटीने अडवलेली, म्हणून तिने मला झाकणासकट खाली उतरवलं. आमसुलाच्या पाण्याने आणि राखेने बाहेरून मला लखलखीत केलं. इथवर ठीक होतं. पण पोरीला वाटलं, आतूनही अशीच सोन्यासारखी दिसली पाहिजे! काथ्याने घासघासून तिने माझ्या पोटातली आणि झाकणाच्या आतली उरलीसुरली कल्हईसुद्धा काढून टाकली आणि आदल्या संध्याकाळी आमसुलं माझ्यातच भिजत घातली. कल्हईवाचून पितळेत आंबट कळकतं, हे मी ओरडून सांगणार तरी कशी?

सकाळी नारळाचं दूध घातलं तर रंग गुलाबी व्हायच्या ऐवजी राखेसारखा. काठाला हिरवट कड. मालिनीने बोटभर चाखलं आणि लगेच मोरीत थुंकून टाकलं.

"कळकली गो! सगळी ओत. कोणाच्या पोटात जायला नको."

पंगत सोलकढीवाचून उठली. शेजारच्या सोनूबाईंच्या जिभेला हाड नाही. हात धुताना त्या म्हणाल्याच, "काय गो स्वानंदी, सोलकढी काय समुद्रावर फिरायला गेली?" सगळे हसले. स्वानंदी हसली नाही.

त्या दिवशी मालिनीने ठरवून टाकलं. "येत्या शनिवारी ही तपेली मोडीत द्यायची. विषारी झाली आहे ती."

"आई, तिची काय चूक? मी आतून घासली."

"चूक कोणाची का असेना, बिघडली ना? तूच परवा मोठमोठ्याने पाठ करत होतीस, रासायनिक बदल मागे फिरत नाही म्हणून. मग ही कशी मागे फिरेल?"

तिच्याच धड्याने स्वानंदीला अडवलं होतं. आप्पा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. माझ्याकडे एकदा बघून ते म्हणाले, "शनिवार अजून लांब आहे. सूनबाई, पोरीला काही सुचतं का बघू दे." एवढंच. लग्नातल्या आहेरांपैकी त्या घरात मी एकटीच उरले होते.

मोडीत जाणं म्हणजे काय, हे तुम्हांला कसं सांगू? पितळ वितळेल, पितळच राहील. पण मी राहणार नाही. ते ठसे, ते पोट, त्या पंगती, काहीच उरणार नाही.

दोन दिवस स्वानंदी पुस्तक उघडून माझ्यासमोर बसायची. बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ, मिठाचं पाणी आटवून पुन्हा मीठ, हे भौतिक बदल. लाकडाची राख, दुधाचं दही, खिळ्याचा गंज, हे रासायनिक. ती वाचायची आणि मी ऐकायचे. मग एका सकाळी मालिनीने तिला नारळ खवायला बसवलं. खवता खवता तिचा हात थांबला.

"आई! हे खोबरं पुन्हा करवंटीत बसेल?"

"वेड लागलं का गो तुला?"

"नाही बसणार ना? म्हणजे मागे फिरणार नाही. तरी ते खोबरंच आहे! नवीन काही झालंच नाही. मागे फिरतं की नाही, एवढंच विचारून भागत नाही, आई. नवा पदार्थ झाला का, ते विचारायचं!"

"बरं मग?"

"मग असं, की आमसुलाच्या आंबटाने पितळ खाल्लं आणि नवा पदार्थ झाला. तो सोलकढीत गेला. सोलकढी गेली ती गेलीच. पण आंबटाने खाल्लं ते वरवरचं. बाकीची तपेली पितळच आहे, जशीच्या तशी! मी घासून काढलेली कल्हई पुन्हा चढवली, की आंबट पितळेला शिवणार नाही!"

मित्रांनो, इतकी वर्षं मी चुलीवर काढली, पण अशी ऊब मला कधी लागली नव्हती.

तिने मला सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि केरूच्या भट्टीवर नेलं. केरूने मला उलटंपालटं करून पाहिलं. "ही तर आप्पांची! आहे का अजून? मला वाटलं, कधीच वितळली असेल."

"केरूकाका, तपेलीला कल्हई करा. झाकण मात्र राहू दे तसंच."

"अर्धीच नवरी सजवतेस होय?" तो हसला, पण त्याने ऐकलं.

त्याने मला तापवलं. नवसागराची पूड फिरवली तसा पांढरा धूर उठला आणि तापून माझ्या पोटावर चढलेला काळा थर सुटला. स्वानंदी पुटपुटली, "हा रासायनिक." मग कल्हईचं कथील टेकवलं. ते पाण्यासारखं वितळलं, कापसाच्या बोळ्यासरशी पोटभर पसरलं आणि थिजलं. वितळलं तरी कथील, थिजलं तरी कथील. "हा भौतिक!" ती ओरडली. केरू म्हणाला, "हो गो बाय, पण बाजूला हो, केस जळतील. तो बदल कुठला, ते मग तुझ्या आईला सांगावं लागेल मला."

शनिवार उजाडला. मालिनीने मोडीची पिशवी काढून ठेवली होती. स्वानंदीने ओट्यावर एकीकडे मला मांडलं, दुसरीकडे माझं कल्हई नसलेलं झाकण उताणं ठेवलं. आमसुलाचं एकच पाणी दोघांत ओतलं आणि आईला हात जोडले, "संध्याकाळपर्यंत थांब." माझं पोट पुन्हा हिरवं पडलं असतं, तर माझ्यासाठी कोणीच काही बोललं नसतं.

दिवेलागणीला आप्पा आले. सोनूबाईंना मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. झाकणाच्या काठाला पुन्हा तीच हिरवट कड धरली होती. ते पाणी स्वानंदीने सगळ्यांना दाखवून मोरीत ओतलं. माझ्यातलं पाणी मात्र लालचुटूक! त्यात तिने नारळाचं दूध ओतलं, आणि काय सांगू, असा गुलाबी रंग फुलला की पश्चिमेचं आभाळ फिकं वाटावं.

मालिनीने आधी चाखलं. डोळे मिटले. दुसऱ्यांदा वाटी भरली.

"अगो, बोल तरी!" सोनूबाई म्हणाल्या.

"पिशवी आत ठेवते," मालिनी म्हणाली. आणि हसली.

आप्पा दोन वाट्या प्यायले. सोनूबाई चार. जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, "फिरायला गेलेली सोलकढी परत आली गो. उद्या आणखी कर."

त्यानंतर आळीतल्या माळ्यांवरून कितीतरी तपेल्या आणि लंगडी म्हणतात ती पसरट भांडी खाली उतरली. केरूच्या भट्टीसमोर बायका रांग लावू लागल्या. झाकणाला लवकरच कल्हई झाली, तोवर बिचारं रुसून बसलं होतं! पुढे काही वर्षांनी स्वानंदी शाळेत विज्ञान शिकवू लागली. हा धडा आला की ती मला वर्गात घेऊन जाते, आणि मुलं माझ्या पोटात डोकावून आपलं तोंड बघतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादं काळवंडलेलं भांडं असेल, तर ते टाकायच्या आधी स्वानंदीसारखा प्रश्न विचारा. ते मुळापासून बदललं आहे, की नुसता वरचा थर बदलला आहे? बाहेरून हवं तेवढं घासा, चमकवा. पण आमच्या पोटातली चांदी जपा, आणि ती झिजली तर वेळेवर पुन्हा चढवा. एवढं केलंत, तर तुमच्या नातवंडांच्या पंगतीलाही आम्ही गुलाबी सोलकढी वाढू, पोट भरून आणि ताठ मानेने.