पिवळ्या तंबूतला कामेन

मी लेन्स बोलतेय. वाइड अँगल लेन्स. एका नजरेत अख्खी दरी, तळं, कडे आणि वरचं आभाळ ज्याला हवं असतं, तो मला कॅमेऱ्याला लावतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. काचेवर काच बसवली, पुसली, डब्यात घातली, एवढंच. माझा पहिला मालक सोफिया शहरात लग्नांचे फोटो काढायचा. माझ्यात सगळं वऱ्हाड मावायचं, पण टोकाला उभ्या असलेल्या मावश्या दुप्पट रुंद दिसायच्या. माझा स्वभावच तो. मधल्याला सांभाळते, कडेच्याला ओढून ताणते. मावश्या भांडायला आल्या आणि त्यानं मला विकून टाकलं.

घेतलं यावोरनं. तो पिरिन डोंगराच्या पायथ्याशी, राझलोग गावात राहायचा. नोकरी छापखान्यात, जीव डोंगरात. त्याचा थोरला भाऊ कामेन लाकडाचा ट्रक चालवायचा. वडील लवकर गेले होते, त्यामुळे यावोरला खांद्यावर बसवून पहिल्यांदा डोंगरात नेलं ते कामेननंच.

दरवर्षी ऑगस्ट सरता सरता दोघं वरच्या तळ्याकाठी मुक्कामाला जायचे. पिवळा तंबू, भांडी, पाव, चीज, भाजलेल्या मिरच्यांची बरणी, सगळं कामेनच्या पाठीवर. यावोरच्या पाठीवर कॅमेरा, तिपाई आणि मी.

यावोरचा फोटो तिन्हीसांजेचा. सूर्य गेला की आभाळ निळं व्हायला लागतं. तंबूत दिवा लावलेला असला तर एक वेळ अशी येते की आतला उजेड आणि बाहेरचा उजेड अगदी एकमेकांना जुळतात. त्याआधी तंबू मेल्यासारखा दिसतो, त्यानंतर डोंगर काळा पडतो. त्या मधल्या चिमूटभर वेळासाठी यावोर दिवसभर चढलेला असायचा.

पण दिवा नुसता ठेवला तर कापडावर एकाच जागी उजेडाचा डाग पडतो. तो कोणीतरी आत बसून हळूहळू फिरवावा लागतो. ते काम कामेनचं.

"दादा, डावीकडे. अजून खाली. तुझी सावली पडतेय, आडवा हो," यावोर बाहेरून ओरडायचा.

"सूप गार होतंय रे," आतून आवाज यायचा. "तुझ्या वहिनीला सांगतो, भावानं माझा कंदील करून टाकलाय."

दोघंही हसायचे. मलाही गंमत वाटायची. पण इतक्या वर्षांत त्या तळ्यावरची एकही संध्याकाळ कामेननं पाहिली नव्हती. तो आत असायचा.

त्यातला एक फोटो सोफियातल्या प्रदर्शनात लागला. कामेन इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला, झ्द्राव्काला, घेऊन आला. मी यावोरच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर होते. एका गृहस्थानं तंबूच्या उजेडाचं फार कौतुक केलं, तेव्हा कामेन पुढे होऊन म्हणाला, "आत मी आहे." गृहस्थ नुसता हसला आणि पुढच्या फोटोकडे वळला. झ्द्राव्का मात्र बराच वेळ त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली. "पण तू दिसतोस कुठे?" तिनं विचारलं. यावोर तेव्हा कोणाशी तरी हात मिळवत होता. त्यानं ऐकलं नसावं.

पुढच्या ऑगस्टला चढताना कामेनला धाप लागत होती. दोनदा-तीनदा तो दगडावर टेकला. यावोर पुढे जाऊन आभाळ बघत होता. ढग चांगले जमले होते.

संध्याकाळी तिपाई लागली, मला रोखलं. आभाळाला पिकल्या आलुबुखाराची झाक आली होती. आणि कामेन दिवा घेऊन तंबूतून बाहेर आला, माझ्यासमोर मधोमध उभा राहिला.

"यावोर, आज मला इथेच राहू दे," तो म्हणाला. "एक माझा काढ."

यावोरनं वर पाहिलं. "उद्या सकाळी काढतो, दादा. आत्ता उजेड चाललाय. आत जा ना."

कामेन दिवा घेऊन वळला. वाकून आत गेला.

मी त्याला पुरतं पाहिलं होतं. कपाळावरचा घाम, थकलेले डोळे, मिशीतलं हसू. पण बटण दाबल्याशिवाय माझं पाहणं कुठेच उरत नाही.

सकाळी पाऊस आणि धुकं होतं. दोघं तसेच खाली उतरले.

नाताळच्या आधी कामेन लाकडाच्या वखारीत ट्रकमध्ये बसल्या जागी गेला. हृदय थांबलं.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोसकट निधनाची सूचना छापून दारावर, खांबांवर, बसथांब्यावर चिकटवतात. छापखाना यावोर काम करायचा तोच. आई त्याला म्हणाली, "चांगला बघून एखादा फोटो घाल."

यावोर सकाळपासून एकेक फोटो उघडत गेला. तंबू, तळं, तंबू, कडा, तंबू. शेवटी एक सापडला. कोपऱ्यातून चौकटीबाहेर निघालेला एक माणूस, अर्धवट वळलेला. तो मी इतका ताणला होता की चेहरा लाटलेल्या कणकेसारखा लांबला होता. आईनं चष्मा लावला, जवळून पाहिलं.

"हा कोण?" तिनं विचारलं.

यावोरनं तो फोटो बंद केला. शेवटी ट्रकच्या परवान्यावरचा फोटो मोठा करून छापला. जन्मात कोणावर डोळे न वटारलेला कामेन सगळ्या गावातल्या खांबांवरून रागानं बघत राहिला. छापताना यावोरनं प्रत्येक कागद हातानं पुसला, शाई वाळली असूनही.

त्यानंतरच्या ऑगस्टला तो एकटाच वर गेला. तंबू उभारला, तिपाई लावली, मला रोखलं. दिवा आत टांगला. कापडावर एकच डाग पडला. बाहेर येऊन त्यानं पाहिलं, पुन्हा आत गेला आणि आतच बसला. तिथून फक्त पिवळं कापड दिसतं.

थोड्या वेळानं उजेड हलू लागला. सावकाश डावीकडे. मग खाली. आभाळ निळं होत गेलं आणि तो क्षण आला, इतका नेमका की मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. माझ्यामागे कोणी नव्हतं. डोंगर काळे झाले तरी दिवा फिरतच होता.

परत आल्यावर त्यानं मला कॅमेऱ्यावरून काढलं आणि विकून टाकलं. आता मी प्लोवदिव शहरातल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात काचेच्या कपाटात आहे. काठाला बुरशीचा एक धागा आलाय. अजून नीट दिसतं, पण फार दिवस दिसेलच असं नाही.

मला घेणाऱ्या माणसा, डोंगर खुशाल दाखव. पण आधी तुझं ओझं वाहून आणणाऱ्याला मधोमध उभं कर. लांबून मी माणसाला मुंगीएवढं करते, म्हणून चार पावलं जवळ ये. त्याला नावानं हाक मार. तो वर बघेल, तेव्हा दाब.