सातव्या गाण्यातला ड्रम

दादाच्या रॉक बँडवर गेम निघाला, गाण्याच्या ठोक्यावर बटण दाबायचा. सातव्या गाण्यात दादाचा ड्रम नेहमी किंचित उशिरा पडायचा आणि माझं बटण चुकायचं. माझं टाळकं सरकलं. गेमच्या अभिप्रायात टोपणनावाने पाचपैकी एकच स्टार देऊन मी लिहिलं, 'ड्रमवाल्याला डुलकी लागली होती काय?' शेकडो खेळाडूंनी माझीच री ओढली आणि कंपनीने त्याचे सगळे ठोके यंत्रासारखे सरळ करून टाकले.

दादाने तो अभिप्राय मला हसत हसत वाचून दाखवला. मीच लिहिलाय हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

यंदा दादा गेला. काल मी ते गाणं खेळलो आणि पहिल्यांदाच एकही बटण चुकलं नाही. वहिनी कपड्यांच्या घड्या करता करता थांबली.

"भाऊजी," तिने विचारलं, "हे कोण वाजवतंय?"