आत्याचा पूल आणि माझा काळा पडदा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि परवा अगदी मेटाकुटीला आलो होतो.

नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत मी सात वर्षं घरांचे आराखडे काढले. तेव्हा सगळे माझं कौतुक करत. पुढे मी मंदावलो, तशी तिथे काम करणारी ताई मला घरी घेऊन आली. तिने माझ्यात लिनक्स ही हलकी, फुकटची कार्यप्रणाली घातली आणि मी पुन्हा तरतरीत झालो. तिची आत्या, निवृत्त बस कंडक्टर, माझ्यावर शहर वसवायचा खेळ खेळू लागली. दोन वर्षांत नदीच्या दोन्ही काठांवर वस्ती उभी राहिली. पूल तेवढा बांधायचा राहिला, आणि आत्या न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

सोमवारी शस्त्रक्रिया होती. पूल पाहिल्याशिवाय मी शस्त्रक्रियेला जाणार नाही, असं तिने डॉक्टरांना बजावलं. म्हणून रविवारी चार वाजता ताईने तो बांधायचा आणि आत्याने इस्पितळात फोनवर थेट बघायचा, असं ठरलं.

शनिवारी ताईने पडदा टिपून थेट पाठवणारं सॉफ्टवेअर माझ्यात टाकलं, आणि माझे हाल सुरू झाले. चित्र काळंकुट्ट! तिने सॉफ्टवेअर तीनदा काढलं, तीनदा घातलं. इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाने दिलेल्या कमांड न वाचता डकवल्या, तर आवाजही गेला. वर मलाच खटारा म्हणाली. अहो, परवानगीशिवाय कुणाला पडदा टिपू द्यायचा नाही, ही माझी शिस्त! दर वेळी मी चौकट उघडून विचारत होतो, कोणती खिडकी दाखवू? ताई ती वाचायच्या आत बंद करत होती.

रविवारी चारला आत्याचा फोन आला. आवाज कसाबसा परतला होता, पण चित्र काळंच. ताई रडकुंडीला आली. सारखं काहीतरी मधे येतं, मी बंद करते, म्हणाली.

"बंद का करतेस?" आत्या म्हणाली. "उतारू काय म्हणतोय ते ऐकल्याशिवाय मी कधी घंटी दिली नाही. वाच आधी."

ताईने वाचलं. खेळाची खिडकी निवडली, परवानगी दिली. एवढंच! दोन दिवस एवढंच तर मागत होतो.

खांब उभे राहिले. पहिली बस पुलावरून पलीकडे गेली. 

"उद्या किती वाजता नेणार आहेत, विचारते डॉक्टरांना," आत्या म्हणाली.

शस्त्रक्रिया नीट झाली. मित्रांनो, यंत्राला जपा, पण त्याहून आधी ते काय विचारतंय ते वाचा. ताईने माझी माफी मागितली नाही. माझ्या पंख्याच्या जाळीतली धूळ मात्र काल फुंकून काढली.