सुभेदार रोहेकरांचा संशय

देहूरोडच्या दारूगोळ्याच्या डेपोमागं बाभळी संपतात आणि माळ सुरू होतो, तिथं सुभेदार हनोक रोहेकरांचं कौलारू घर होतं. अठ्ठावीस वर्षं पलटणीत गेली. आफ्रिकेची वाळू अंगावर घेतली, ब्रह्मदेशाचा चिखल तुडवला. पेन्शन झाली, वर्दी उतरली, पण धावपळीची खोड काही उतरली नाही. बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंत, कुणी गेलं की मयताला अंघोळ घालायला सुभेदार. इस्राएलला निघालेल्यांचे अर्ज लिहायला सुभेदार. आणि प्रार्थनेला दहा पुरुष जमवायला, सायकल मारत दिघीपासून खडकीपर्यंत, तेही सुभेदारच.

दहा पुरुष लागतातच. नऊ असले तर कद्दीश, मेलेल्या माणसासाठीचा प्रार्थनेचा पाठ, म्हणता येत नाही. आणि सुभेदारांना तो म्हणायचा होता, दर वर्षी, आपल्या एकुलत्या एका मुलासाठी. अब्राहम अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या लढाईत, बर्फात गेला होता. तेव्हापासून बायको रिबकाबाई जात्यावर बसल्या की एकच ओवी म्हणायच्या:

डोंगराच्या पल्याड गं, बर्फ पडलं रानोरान,
तिथं माझ्या लेकराला, कोण घाली पांघरूण.

सुभेदार ती ऐकून अंगणात निघून जायचे. मुलाचं नाव ते कधी तोंडावर आणत नसत. वर्षातून एकदा कद्दीश म्हणायचा, तेवढंच त्यांचं रडणं.

छप्पन साली मात्र दोन घरं बोटीनं इस्राएलला गेली आणि त्या वर्षी बुधवारी येणाऱ्या मुलाच्या वर्षदिनाला माणसं राहिली सुभेदार धरून नऊ.

अशात रूबेन आला. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना झाला होता, तिथला फिटर. तिशीतला, उंचापुरा, बोलणं अर्धं हिंदी. नाव सांगितलं रूबेन अष्टमकर.

"अष्टमीचे का?" सुभेदार हरखले. रोहा आणि अष्टमी, मध्ये नदी तेवढी. "मग घर कुठल्या आळीत?"

"मालूम नाही, साहेब. वडील पलटणीत, अंबाल्याला. मी कोकण पाहिलंच नाही."

"कुणाचा नातू तू?"

"तेही नाही सांगता येणार. मी सहाचा होतो, आई गेली. दहाचा झालो, वडील गेले."

सुभेदारांच्या कपाळावर बारीक आठी पडली. अष्टमकर म्हणवतो आणि अष्टमी ठाऊक नाही? त्यात तो विचारू लागला, आपली माणसं कुठं कुठं आहेत, डेपोत कोण, खडकीच्या कारखान्यात कोण. एकटा माणूस गोतावळा शोधतो तसंच ते विचारणं होतं. पण सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षं पहारे बसवले होते. दारूगोळ्याच्या गावात येऊन कोण कुठं काम करतं हे विचारणारा माणूस त्यांना सरळ वाटेना.

"रविवारी जेवायला ये," ते म्हणाले. मनात म्हणाले, पाहतोच तुला.

रविवारी पुण्याच्या हजाननं, प्रार्थना चालवणाऱ्या धर्मगुरूनं, कापलेलं मटण आलं. रिबकाबाईंनी दोन नारळ फोडले, वाटले, घट्ट दूध काढून सागुतीत घातलं. कोकणातल्या त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत. मांसाला गाईम्हशीचं दूध शिवू द्यायचं नाही, धर्माची आज्ञा आहे, म्हणून नारळाचं. रूबेन आला त्याच वेळी किवळ्याची भागूबाई गवळण रिकामी चरवी घेऊन दारातून बाहेर पडत होती.

ताट आलं. पांढऱ्या रश्शातून वाफ निघत होती. रूबेननं ताटाकडं पाहिलं, मग दाराकडं, मग पुन्हा ताटाकडं. त्याचा चेहरा उतरला.

"माफ करा. हे मला चालणार नाही."

"का बरं?" रिबकाबाईंनी विचारलं.

"नको, बाई. भात खातो नुसता."

त्यानं कोरड्या भाताचे चार घास गिळले, हात धुतला आणि गेला. सुभेदारांनी दार लावून घेतलं.

"पाहिलंस? आपल्यातलं शेंबडं पोरही या सागुतीसाठी दुसऱ्यांदा ताट पुढं करतं. याला ती काय आहे हेच ठाऊक नाही. हा आपला नव्हेच."

"तोंडावरून तसा वाटत नाही हो," रिबकाबाई म्हणाल्या.

"तोंडावरून कोण वाटतं? उपरा माणूस दहावा म्हणून उभा केला, तर माझ्या पोराचा कद्दीश वाया जाईल. वर हा इथं कशाला आलाय देव जाणे."

दोन दिवस ते सायकलवरून हिंडले आणि आठही जणांना बजावून आले: त्या फिटरशी बोलू नका. बुधवारी सकाळी डेपोच्या साहेबाला कळवायला त्यांनी कागद पुढं ओढला. 'एक संशयित इसम' एवढं लिहून झालं, तेवढ्यात भागूबाई दूध घेऊन आली. रिबकाबाईंनी तिला सगळं सांगितलं. भागूबाई चरवी खाली ठेवून हसायलाच लागली.

"काय दात काढतेस?" सुभेदार वैतागले.

"हसू न्हाई तर काय करू? आवं, आठ वर्सं झाली दूध घालतीया. तुमच्याकडं सागुती असली की बाई मला दूध घिऊन चुलीपाशी फिरकू देत न्हाई. त्या दिशी त्यानं माझी रिकामी चरवी पाह्यली, मग पांढरा रस्सा पाह्यला. त्याला वाटलं आसंल, माझंच दूध वतलंय! खोटा आसता तर मिटक्या मारून खाल्लं आसतं की वो. बाई वाटीभर देत्यात, तर आमचा पोरगा मालोजी वाटीबी चाटून पुसून ठेवतो."

सुभेदारांचा हात कागदावर तसाच राहिला. चार चार पदकं छातीवर लावणारा माणूस, गवळणीपुढं मान खाली घालून बसला. मग त्यांनी कागद चुलीत टाकला आणि सायकल काढली.

पिंपरीला पोचले तेव्हा रूबेनची पाळी नुकतीच सुटली होती. खोलीच्या दारात तो उभा राहिला, बाजूला झाला नाही.

"ती सागुती नारळाची होती," सुभेदार धापा टाकत म्हणाले.

"नारळाची?" त्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला. "वडिलांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. शनिवारी काम नाही आणि मटणात दूध नाही. बाकी शिकवायला वेळ मिळाला नाही त्यांना. तुमचं ताट पाहून मला वाटलं, हेच लोक खोटे आहेत. त्याच रात्री बिस्तरा बांधला होता मी."

"मीही तुला खोटाच ठरवला. चारचौघांत."

"कळलं मला. काल डेपोतल्या बेंजामिननं मला बघून रस्ता बदलला." त्यानं सुभेदारांकडं रोखून पाहिलं. "आज का आलात? तुम्हाला मी पाहिजे की दहावा पाहिजे?"

खोटं बोलणं सोपं होतं. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"आज दहावा पाहिजे. आज माझ्या मुलाचा वर्षदिन आहे. उद्यापासून तू."

"मुलाचं नाव?"

आठ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळ्यांना ठाऊकच होतं. सुभेदारांनी सायकल भिंतीला नीट टेकवली, मग म्हणाले,

"अब्राहम."

रूबेननं दाराला कडी घातली. सायकल त्यानंच हातात घेतली, म्हाताऱ्याला मागं बसवलं, आणि मुंबई रस्त्यानं आकुर्डी, निगडी मागं टाकत ऊन उतरायच्या आत देहूरोड गाठलं. घरात आठजण थांबले होते. रूबेनला पाहून कुणी खाकरलं, कुणी खाली पाहिलं. बेंजामिन सरकला आणि त्यानं आपल्या शेजारी जागा केली.

सुभेदार उभे राहिले, कद्दीश सुरू झाला. जिथं आमेन म्हणायचा तिथं आठ गळे एका वेळी उठले. नववा मागून आला, एकटा, जरा अडखळत, कारण तो कुठं म्हणायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. सुभेदार पुढच्या शब्दापाशी थांबले. तो उशिरा आलेला आमेन पुरता होऊ दिला, आणि मगच पुढं म्हणू लागले.