दीपमालाच्या अंगावरचे निळे डाग

रहिमतपूरच्या शिवारात त्या सकाळी आल्याची काढणी चालू होती. दीपमाला बायकांसाठी चहा घेऊन बांधावर आली, तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होते. दंडांवर, मांड्यांवर निळे डाग उठले होते, कुठे आपटली नसतानाही. अठ्ठावीस वर्षांची सून, पण चार पावले चालली की खाली बसे.

नवरा जयराज पलटणीतून सुट्टीवर आला होता. त्याची बहीण क्रांती सांगलीला, विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. दुसऱ्या दिवशी तिने दोघांना बोलावून घेतले. डॉक्टरांनी रक्त पाहिले, हाडातला मगज काढला आणि लगेच भरती व्हायला सांगितले. जयराज म्हणाला, आईला विचारून येतो.

आई राहीबाईंचा दवाखान्यावर राग होता. नवऱ्याला कॅन्सरसाठी नेले आणि परत आणले ते मढे, हे त्या विसरल्या नव्हत्या. सुनेचे डाग पाहून त्या म्हणाल्या, हे चेटकिणीचे चिमटे आहेत. उद्या अमावस्या, देवऋषी दादासोकडे न्यायचे.

अमावस्येच्या सकाळी क्रांतीचा फोन आला. पेशींवरच्या खुणांचा रिपोर्ट हाती आला होता.

"दादा, ब्लड कॅन्सरच हाय, पर यातला बरा हुणारा. त्या जातीत पेशींवर ज्या दोन खुणा नसत्यात, त्या हितंबी न्हाईत. दहातली नऊ माणसं वाचत्यात. फकस्त आत्ता तिचं रक्त गोठत न्हाई. तिला धक्काबी लागू दिऊ नगं. आजच घिऊन ये."

जयराज हो म्हणाला. पण आईपुढे त्याची जीभ उचलली नाही.

भर दुपारी गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दीपमालाचे केस सोडले गेले. जयराजने हात धरले, राहीबाईंनी पाय. दादासोने वेताची छडी उचलली आणि तिच्या अंगात कोण आहे ते विचारले.

"मी दीपमाला हाय," ती म्हणाली. "आवं, मला दवाखान्यात न्या."

चेटकीण खोटे बोलते, असे म्हणून त्याने पाठीवर मारले. वळ उठायच्या आधीच कातडी काळी पडली. नाकातून रक्ताची धार लागली, ती थांबेना. भूत निघतेय, असे तो लोकांना सांगत राहिला. माणसे मोबाईलवर चित्रण करत उभी होती. पुढचा फटका कानशिलावर बसला.

भाऊ फोन उचलत नाही म्हणून क्रांती गाडी करून निघाली होती. शेजाऱ्यांनी सांगितल्यावर ती शेडमध्ये घुसली आणि मध्ये पडली. छडी तिच्या मनगटावर बसली. तिथे नुसता लाल वळ उठला. तिच्या पायाशी दीपमालाचे डोळे फिरले होते, अंगाला झटके येत होते. साताऱ्याच्या वाटेवर, गाडीतच, ती गेली.

घरी ठरले की न्हाणीत पाय घसरला असे सांगायचे, दादासोच्या भीतीने गाव बोलणार नाही. राहीबाईंनी लेकीचे पाय धरले, भावाची नोकरी जाईल म्हणाल्या. क्रांतीने पाय सोडवून घेतले आणि तशीच पोलीस ठाण्यात गेली.

फौजदारांनी तिचे ऐकून घेतले. मग शिपाई पाठवून दादासोला आणवले. बाई कॅन्सरने मरणारच होती, माझ्यावर कशाला घालता, असे तो शांतपणे म्हणत होता. फौजदारही घुटमळले. एवढा मोठा आजार म्हटल्यावर ती वाचली असती का, असे त्यांनी विचारले.

क्रांतीने रिपोर्ट टेबलावर ठेवला. "साहेब, त्या दोन खुणा नाहीत, हे मी स्वतः मशीनवर पाहिलंय. ही बाई जगणार होती. आजारानं नाही, आम्ही मारली तिला."

"आम्ही म्हणजे कोण? धरलं कुणी होतं?"

क्रांतीला भावाचे नाव घेता येईना. तेवढ्यात दारातून आवाज आला. जयराज उभा होता, सदऱ्यावर बायकोचे रक्त वाळलेले.

"हात मी धरलं हुतं," तो म्हणाला. "पाय आईनं. ती मला न्या म्हणत हुती, आन् मी आणखी घट धरत हुतो. आसंच लिवा."

फौजदारांनी कोरा कागद पुढे ओढला आणि त्याला पूर्ण नाव विचारले.