एकसष्ट दिवसांचं पदक

ग्रामसभेच्या वहीत पाण्याची टाकी धुण्याचा ठराव सहावा होता आणि स्मशानाच्या रस्त्यावर दिवे लावण्याचा आठवा. मधल्या सातव्या ठरावाने गावाने पितांबरला 'आंतरराष्ट्रीय लष्करी पदक छातीवर लावण्यास एकमताने परवानगी' देऊन टाकली होती. सूचक एक, अनुमोदक एक, हात वर करणारे चौतीस. त्यातल्या तिसांना पदक कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं आणि उरलेले चौघे मगनभाईच्या केळीच्या मळ्यात कामाला होते.

हेमकांत सुभेदारांनी त्या ठरावाची नक्कल दोनदा वाचली आणि ते मोठ्याने हसले. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या दप्तरात काढलेला माणूस. गावात कुणी हयातीचा दाखला चुकीच्या रकान्यात भरला तरी त्यांचं डोकं फिरायचं. आणि इथे तर अख्ख्या गावाने मिळून संयुक्त राष्ट्रसंघाचं काम हातात घेतलं होतं! दुसऱ्या देशाच्या सरकारने दिलेलं पदक लावायचं तर दिल्लीची मंजुरी लागते. राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचं पदक लावायचं तर मोहिमेवर नव्वद दिवस भरावे लागतात आणि युनिटच्या दप्तरात तशी नोंद लागते. ज्या ग्रामसभेला गटार कुठून काढायचं ते अकरा वर्षांत ठरवता आलं नाही, ती आता छातीवर काय लावायचं ते ठरवणार होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय.

नक्कल घेऊन आला होता तो स्वतः मगनभाई. हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष, पितांबरचा थोरला भाऊ आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा उतावळा नवरा. गुडघ्याला बाशिंग त्याने दिवाळीतच बांधलं होतं. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर भावाचा सत्कार करायचा, 'शांतिसेनेचा वीर' म्हणून गावोगाव फलक लावायचे आणि त्या फलकावर वीरापेक्षा मोठा फोटो स्वतःचा छापायचा, असा त्याचा बेत होता. पण प्रमुख पाहुणे म्हणून नाशिकचे एक निवृत्त कर्नल येणार होते आणि त्यांनी फोनवर एकच गोष्ट विचारली होती: तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेचा पात्रतेचा दाखला आहे ना? संघटनेचे अध्यक्ष हेमकांत सुभेदार. म्हणून दाखल्याचा कोरा कागद घेऊन मगनभाईची पांढरी गाडी त्यांच्या दारात उभी होती.

"सुभेदारसाहेब, सही ठोकी द्या. गावनी परवानगी दिधी, आते तुमनं काय जास?"

"मगनभाई, नव्वद दिन लागतस. तुमना भाऊ एकसष्टव्या दिनले इमानमा बठना. तो कागद मीच टाईप करेल शे."

हे अक्षरशः खरं होतं. वीस वर्षांपूर्वी काँगोमध्ये दोघे एकाच बटालियनमध्ये होते. सुभेदार दप्तराच्या तंबूत आणि पितांबर पाण्याच्या टँकरवर. पितांबर पाणी वाटायचा दुसऱ्यांना आणि स्वतः प्यायचा नाही. मुतखडा झाला. तंबूत पडून त्याने जी बोंब ठोकली ती नेपाळी तुकडीपर्यंत ऐकू गेली होती. एकसष्टाव्या दिवशी त्याला घरी धाडलं. गावात आल्यावर पहिली दोन वर्षं तो 'ऑपरेशन झालं' एवढंच सांगायचा. मग 'तिकडचं दुखणं' म्हणू लागला. पुढे शहाद्याच्या बाजारात पपईचा भाव विचारायला आलेल्या व्यापाऱ्यांना तो कमरेवरचा व्रण दाखवू लागला, आणि तोवर मुतखड्याची बंदुकीची गोळी झाली होती. पदक त्याने छावणीबाहेरच्या, लष्करी गणवेश शिवणाऱ्या एका शिंप्याच्या दुकानातून आणलं होतं. तिथे पैसे मोजले की काहीही मिळतं, फक्त दिवस मिळत नाहीत.

सुभेदारांना पितांबरचा राग येत नसे. राग यायला समोर माणूस तरी असावा लागतो. त्यांना किळस यायची. त्यांचं स्वतःचं पदक काही शौर्याचं नव्हतं, आणि तसं त्यांनी कधी कुणाला भासवलंही नाही. एकशे नव्वद दिवस त्यांनी डासांच्या जाळीत बसून याद्या केल्या होत्या. पण ते दिवस भरलेले होते. नियमाने दिलेलं, नोंद असलेलं, निळ्या फितीचं ते पदक त्यांना सगळ्यांत आवडायचं, कारण त्यात कुणाची मेहेरबानी नव्हती.

मगनभाईने पुढ्यातला चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि सहज बोलल्यासारखं बोलला, "मयूरीताईनी फाईल चार वरीसपाईन फिरी ऱ्हायनी ना? मन्हा टेबलवरच शे. यंदा व्हई जाई."

मयूरी म्हणजे सुभेदारांची सून. मुलगा चंदन सुरतेला मिलमध्ये, बायको मंगलाबाई दोन वर्षांपूर्वी वारलेल्या. घर तीच चालवायची आणि मगनभाईच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. चार वर्षं दर जूनला नवा हुकूम, दर एप्रिलला कार्यमुक्त. कायम झाली असती तर चंदनला सुरत सोडून घरी येता आलं असतं. हे सुभेदारांना ठाऊक होतं आणि मगनभाईलाही.

गाडी गेली. मयूरी आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, बशी उचलली आणि म्हणाली, "आबा, मन्हा नाववर सही करू नका. नोकरी गयी ते गयी. मी घरमाच शिकवण्या लिसू."

"तुले काय समजस, पोरी," ते म्हणाले.

"माले इतलं समजस, की तुमले तो पितांबर आवडत नही."

ती एवढंच बोलली आणि भांडी घासायला बसली.

इतकं स्पष्ट सांगितल्यावर कुठलाही शहाणा माणूस कागद फाडून मोकळा झाला असता. सुभेदारांनी फाडला नाही. त्यांनी तो दोन दिवस कपाटात ठेवला. एकोणतीस दिवसांनी कुणाचं काय बिघडतं, असंही स्वतःला विचारून पाहिलं. हाच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर त्याला त्यांनी दारातूनच हाकललं असतं. सुनेसाठी करतोय हे कारण सोयीचं होतं, पण सुनेने तर नको म्हटलं होतं. खरं कारण फार लहान होतं. अठ्ठावीस वर्षांत वरच्या माणसाने पुढे सरकवलेल्या कागदावर सही करायची नाही, असं त्यांनी एकदाही केलं नव्हतं. खालून आलेल्या कागदापुढे ते वाघ होते; वरून कागद सरकवणारा मगनभाई असला तरी त्यांना तो साहेबच दिसायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कागदपत्रांवरून खात्री केली असता श्री. पितांबर हे सदर पदक धारण करण्यास पात्र आहेत.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. शिक्का सरळ उमटावा म्हणून त्यांनी कागदाखाली वर्तमानपत्रसुद्धा घेतलं.

सव्वीस जानेवारीला मैदान गच्च भरलं होतं. झेंड्याच्या खांबाला झेंडूच्या माळा आणि त्या खांबापेक्षा उंच मगनभाईचा फलक. सुभेदार कोट घालून, आपली पाच पदकं ओळीने लावून लवकरच हजर झाले होते. मनात त्यांनी ठरवलं होतं की पितांबरकडे बघायचंच नाही. सही केली ती केली, आता तिकडे तोंड करून उभं राहायचीही सक्ती नव्हती.

पण पितांबर स्वतःच धावत आला. फेटा, मिशांना तेल, छातीवर चार पदकं.

"सुभेदारसाहेब, दखा! कसं दिखस?"

सुभेदारांनी पाहिलं. गाढवाने शांतिसेनेचं पदक सगळ्यांत आधी लावलं होतं, छातीच्या मधल्या बाजूला, मानाच्या जागी. आपल्या देशाची तीन पदकं त्याच्या मागे, दंडाकडे ढकलली होती.

"हाई पहिलं कसाले लायं?"

"आंतरराष्ट्रीय शे ना, म्हनीसन."

फौजेत पाऊल टाकलेल्या प्रत्येकाला हा क्रम शिकवतात; पितांबर तो कधीच विसरला होता. आधी आपल्या देशाची पदकं, बाहेरचं सगळ्यांत शेवटी. हे चुकलं की माणूस उघडा पडतो. आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. कर्नलसाहेब उतरले. सत्तरीचे, काठीसारखे ताठ, आणि उतरल्या उतरल्या ओळीने उभ्या असलेल्या माजी सैनिकांच्या छात्या बघत निघालेले. ते पितांबरच्या समोर आले की एका नजरेत त्यांना कळणार होतं. ते विचारणार होते की पदक कुठून आणलंस, मोहिमेचा कागद दाखव, दाखला कुणी दिला.

सुभेदारांना फक्त उभं राहायचं होतं. हात खाली सोडून नुसतं उभं राहायचं, आणि या सोंगाचा फुगा चारशे माणसांसमोर फुटला असता. त्याबरोबर त्यांची सहीही फुटली असती, पण मयूरीला ती सही नकोच होती, आणि ती त्यांच्यापासून चार पावलांवर, आठवीच्या ओळीपुढे उभी होती.

"हालू नको," ते पितांबरला म्हणाले.

आणि त्यांनी त्याच्या कोटावरची पिन काढली. बोटं सराईत होती. निळी फीत शेवटी नेली, बाकीची तीन पुढे सरकवली, चारी पदकांच्या खालच्या कडा एका रेषेत आणल्या, एक उलटं फिरलेलं होतं ते सरळ केलं. आपल्या रुमालाने त्यावरचा तेलकट डाग पुसला. अर्ध्या मिनिटाचं काम. एरवी पितांबरच्या सावलीला उभं राहायची शिसारी येणारा हा माणूस त्याच्या छातीवर ओणवा झाला होता आणि मागे सरून, एक डोळा बारीक करून, रेघ सरळ आली का ते बघत होता.

कर्नलसाहेब आले, थांबले, त्यांनी मान डोलावली.

"छान. गावाकडे इतकी व्यवस्थित लावलेली क्वचित दिसतात."

"सुभेदारसाहेबांनी लावली, सर," पितांबर छाती काढून म्हणाला. तेवढं एक तो आयुष्यात खरं बोलला असेल.

कर्नल सुभेदारांकडे वळले. "तुम्ही एकाच बटालियनमध्ये होता म्हणे. यांचे नव्वद दिवस भरले होते?"

पितांबर सुभेदारांकडे बघू लागला. मंचावरून मगनभाई बघू लागला. सुभेदारांच्या टाचा आपोआप जुळल्या.

"भरले होते, साहेब."

आठवीच्या ओळीपुढून मयूरीने हे ऐकलं. तिने मान वळवली नाही. ती मुलांना म्हणाली, "सावधान," आणि झेंडा फडकला. पुढचा तास भाषणांचा. मगनभाई भावाच्या शरीरातल्या गोळीबद्दल बोलला, आणि चारशे माणसांनी एका मुतखड्यासाठी टाळ्या वाजवल्या. सुभेदारांनीही वाजवल्या, पहिल्या रांगेत बसलेल्याला त्या वाजवाव्याच लागतात.

घरी आल्यावर त्यांनी कोट खुंटीला अडकवला आणि खुर्चीत बसले. मयूरी आधीच आली होती. तिने चहा आणून ठेवला. एरवी ती पेला हातात द्यायची, आज स्टुलावर ठेवला. मग आत जाऊन शाळेच्या वहीतून काढलेला एक कागद घेऊन आली आणि तो त्यांच्यासमोर धरला.

"सुभेदारसाहेब," ती म्हणाली. या घरात आल्यापासून तिने त्यांना या नावाने कधी हाक मारली नव्हती. मगनभाई मारायचा, पितांबर मारायचा. "तुमनी नजर बारीक शे. काही चुकनं व्हई ते दुरुस्त करी द्या. दुपारले मगनभाईकडे लई जावानं शे."

तो तिच्या राजीनाम्याचा अर्ज होता. चार ओळींचा. कारण म्हणून तिने लिहिलं होतं, 'माझ्या नोकरीसाठी खोटा दाखला दिला गेला आहे.' कुणी दिला ते लिहिलं नव्हतं.

"मयूरी, तुन्हाकरताच करं मी," ते म्हणाले.

"मी नको सांगेल व्हतं."

ती पेन पुढे करून उभी राहिली. सुभेदारांनी पेन घेतला. त्यांनी अर्ज वाचायला घेतला, वरून खाली, नेहमी वाचत तसा. तारीख बघितली. संस्थेचं नाव बघितलं. विषय, संदर्भ, समास बघितला. मयूरी वाट बघत होती. त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. अर्जात कुठेही चूक नव्हती.