दहा मिनिटांचे तळे

मित्रांनो, मी डोळ्यांवर बांधायचा एक चष्मा आहे, आता जुना झालेला. मला बांधले की समोर उन्हाळ्यातले तळे दिसते, पाण्याचा आवाज येतो. मला मात्र ते तळे कधीच दिसले नाही. माझ्या काचा माणसाच्या डोळ्यांकडे वळलेल्या आहेत.

उत्तरेकडच्या थंड कायानी गावातल्या शाळेत परिचारिका हिल्काच्या खोलीत माझी नेमणूक झाली. मार्चमध्ये बाहेर बर्फ असे आणि आत शेवटच्या परीक्षेची धास्ती. मुले दहा मिनिटे मला बांधून बसत, "बरं वाटलं" म्हणून जात. तेवढ्यावर मी खूश असे.

पिल्वीला दहा मिनिटे पुरेनात. आधीच्या खेपेला ती गणितात नापास झाली होती. पुन्हा तसेच झाले, तर वर्गाबरोबर उत्तीर्णांची पांढरी टोपी तिला मिळणार नव्हती.

"हिल्का, काठावरच्या सौनाच्या न्हाणीघरातून धूर येतोय आणि आत चिटपाखरू नाही! कुणी बनवलंय हे?"

"सौना तापवून निघून जाणारा आपल्यातला नव्हे. काढ आता, अर्धा तास झाला."

"पाचच मिनिटं!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मला चालूच ठेवून गेली; रात्रीत माझी बॅटरी संपत आली. सकाळी धावत आली, मला बांधले. तळे उमटले आणि विझले.

"गेलं! आता माझं काही खरं नाही."

हिल्काने मला उतरवून टेबलावर ठेवले. "बाटलीवरचा कागद काढलास?" नक्कल होऊ नये म्हणून परीक्षेच्या दालनात खाण्यापिण्याच्या वस्तूंवर छापील अक्षर चालत नाही.

"नाही."

"मग बस इथे. नखं आहेत ना, की तीही गणितानं खाल्ली?"

पिल्वीला हसू फुटले. दोघी शेजारी बसून रसाच्या बाटलीवरचा, दह्याच्या डब्यावरचा कागद खरवडू लागल्या. डिंक चिवट होता. आधी अडखळणारा तो आवाज हळूहळू संथ झाला. मग पिल्वी उठली आणि मला न बांधताच गेली.

ती पास झाली. टोपी मी पाहिली नाही. हिल्का फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होती, ते ऐकले.

आता मी कपाटात कुबड्यांशेजारी पडून आहे. दार वाजले की वाटते, पिल्वीच आली असेल.

मित्रांनो, मला वापरा, माझ्या काचा पुसा. पण भेदरलेल्या पोराच्या डोळ्यांवर मला बांधून तुम्ही खोलीबाहेर जाऊ नका. खुर्ची ओढून शेजारी बसा. मला ते कधी जमले नाही. जमावे, असे अजून वाटते.